मुलाने अर्ज केला आहे. आता कराडचे घर विकू का?

पत्र : मी कराडजवळच्या जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. माझे वय ६६ आणि यजमानांचे ७०. मुलगा न्यू जर्सीत एडिसनला असतो. २०२३ मध्ये तो अमेरिकेचा नागरिक झाला आणि त्याने आम्हा दोघांच्या ग्रीन कार्डसाठी अर्ज केला. तो मंजूर झाला असून आता पुढचे कागद आणि शुल्क मागणारा ई-मेल आला आहे. मुलगी लग्न होऊन पुण्यात आहे. सासूबाई ८९ वर्षांच्या असून आमच्याकडेच असतात. धाकटे दीर शेजारी राहतात. यजमानांची २०२१ मध्ये अँजिओप्लास्टी झाली आहे, मला मधुमेह आहे. माझे माहेरचे नाव वेगळे, लग्नात ठेवलेले नाव वेगळे. आणि आम्हा दोघांचीही शाळेतली जन्मतारीख १ जून आहे, जन्माची नोंद मात्र नाही. गावातला एजंट म्हणतो, ‘सहा महिन्यांतून एकदा अमेरिकेत पाय लावून या, कार्ड चालू राहते.’ सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे असा आमचा विचार आहे. मुलगा म्हणतो, घर विकून मोकळे व्हा. तयारीला सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, कराड

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

घराचा प्रश्न तुम्ही ठळकपणे विचारला आहे आणि एजंटाचे वाक्य जाता जाता लिहिले आहे. मी मात्र त्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण घर, पैसे, औषधपाणी आणि सासूबाई या सगळ्यांची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. सहा महिन्यांतून एकदा पाय लावून यायचे, असा नियम कोठेही नाही. ही उंटावरच्या शहाण्यांनी एकमेकांना सांगत आणलेली गोष्ट आहे. ग्रीन कार्ड हे अमेरिकेत कायमचे राहणाऱ्या माणसाला मिळते आणि तो माणूस खरोखर तेथे राहतो आहे का, हेच सरकार पाहते. सलग एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ बाहेर राहिल्यास केवळ कार्डाच्या आधारे परत प्रवेश मिळत नाही. सहा महिन्यांहून अधिक काळ सलग बाहेर राहिल्यास, पुढे नागरिकत्वासाठी जे सलग वास्तव्य मोजतात, ते तुटले असे गृहीत धरले जाते. आणि त्याहून कमी काळ बाहेर राहूनसुद्धा, घर, बँक, डॉक्टर आणि सणवार सगळे कराडला आणि एडिसनला केवळ भेट, असे चित्र वर्षानुवर्षे दिसले, तर विमानतळावरचा अधिकारी ‘तुम्ही नक्की राहता कोठे?’ असे विचारू शकतो. या प्रश्नाला खरे उत्तर देता आले पाहिजे.

म्हणून तुमची सहा-सहा महिन्यांची योजना ही दोन डगरींवर पाय ठेवण्याची योजना आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना वर्षातले काही महिने नातवंडांत घालवून परत यायचे आहे, त्यांच्यासाठी पर्यटक व्हिसा आहे. तो भारतीयांना बहुधा दहा वर्षांचा मिळतो आणि प्रत्येक भेटीत साधारणपणे सहा महिन्यांपर्यंत राहू देतो. तुम्ही तो रस्ता सोडून स्थायिक होण्याचा रस्ता धरला आहे. त्यात चूक काही नाही, पण धरला आहे तर त्याच्या अटींसह धरावा लागेल. पहिल्या दोन-तीन वर्षांत एखादे मोठे काम उरकायला किंवा आजारपणासाठी लांब मुक्कामाने यावे लागेल अशी शक्यता दिसत असेल, तर त्यासाठी ‘री-एंट्री परमिट’ नावाचा परवाना असतो. तो बहुधा दोन वर्षांचा मिळतो. मात्र त्याचा अर्ज अमेरिकेत प्रत्यक्ष हजर असतानाच करावा लागतो. कराडला येऊन पोहोचल्यावर त्याची आठवण होऊन उपयोग नाही.

सासूबाईंचा उल्लेख तुम्ही एका ओळीत केला आहे, पण तुमच्या निर्णयातला सर्वांत जड भाग तोच असावा असे मला वाटते. त्यांच्यासाठी वर्षातून एकदा महिना-दीड महिना येणे अगदी सहज शक्य आहे आणि त्याने कार्डाला काही होत नाही. पण त्या अंथरुणाला खिळल्या आणि यजमानांना वाटले की आता आईजवळच राहायचे, तर काय, हे दोघांनी आणि दीर-जाऊबाईंनी मिळून आताच बोलून घ्यावे. दीर शेजारी राहतात याचा अर्थ ते सांभाळतीलच असा तुम्ही धरला आहे. त्यांनीही तोच धरला आहे का, हे पत्रावरून कळत नाही.

एक दिलासा देते. ग्रीन कार्ड घेतल्यावर मागे फिरायची वाट बंद होत नाही. माझ्या आईने बारा-तेरा वर्षांपूर्वी ते घेतले, शिकागोजवळ दोन हिवाळे काढले आणि तिसरा हिवाळा येण्याआधी ‘आय-४०७’ हा अर्ज भरून कार्ड स्वखुशीने परत केले. पुढे ती पर्यटक व्हिसावर दोनदा जाऊन आली. ज्या दिवशी तिने कार्ड परत केले, त्या दिवशी तिच्याकडे परतायला सांगलीचे घर होते, म्हणून तो निर्णय तिला ताठ मानेने घेता आला. घराविषयी माझे मत काय असेल, ते तुमच्या लक्षात आलेच असेल.

घर विकू नका. निदान पहिली दोन वर्षे तरी नाही. मुलाचा हेतू वाईट नाही. एक घर रिकामे ठेवून दुसऱ्या देशात राहण्यातली कटकट त्याला दिसते, पण तुम्हाला तेथे करमेल की नाही हे त्याला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही. भाड्याने द्यायचे असेल तर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणी करूनच द्यावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. ‘अकरा महिन्यांचाच आहे, नोंदवायची गरज नाही’ हा समज चुकीचा आहे. तुम्ही अनिवासी झालात की भाडेकरूने तुमच्या भाड्यातून ३० टक्क्यांहून थोडा अधिक कर कापून भरायचा असतो. हे त्याला करारातच लिहून द्या, नाहीतर पुढे त्यालाही त्रास आणि तुम्हालाही. शेती असेल तर ती तशीच तुमच्या नावावर राहू शकते. अनिवासी भारतीयाला नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, पण आधीची ठेवता येते. सातबाऱ्यावरच्या राहिलेल्या वारस नोंदी मात्र जाण्यापूर्वी उरकून घ्या, कारण तलाठी कार्यालयाचे काम अमेरिकेतून होत नाही.

मुलीच्या नावे मुखत्यारपत्र करताना ‘सर्वाधिकार’ देणारे करू नका. बँक, भाडेकरार, वीज व घरपट्टी अशी कामे नावानिशी लिहून तेवढ्यांपुरतेच करा आणि ते दुय्यम निबंधकांकडे नोंदवून घ्या. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांपैकी सर्वांत कडवट पत्रे भावंडांची असतात आणि त्यांतल्या कित्येकांचे मूळ एका मोकळ्या-ढाकळ्या मुखत्यारपत्रात असते. तुमची मुलगी तशी नाही हे मला मान्य आहे. तरीही कागद नीट असला की तिच्यावरही कोणी बोट ठेवू शकत नाही. मुलीवरून आठवले : ती तुमच्या अर्जाबरोबर जाऊ शकत नाही. आई-वडिलांच्या या वर्गात त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांनाही सोबत नेता येत नाही, मग विवाहित मुलीचा तर प्रश्नच नाही. भावाने तिच्यासाठी अर्ज करता येतो, पण भारतीय भावंडांची ती रांग वीस वर्षांच्या आसपासची आहे. तुमच्या वर्गाला वार्षिक मर्यादा नसल्यामुळे तुम्हाला तशी रांग लागली नाही. तिने मात्र त्या आशेवर काही ठरवू नये.

पैशांबाबत थोडक्यात सांगते. कायमचे राहण्यासाठी देश सोडला की परकीय चलनाच्या कायद्यानुसार तुम्ही अनिवासी होता आणि तुमचे साधे बचत खाते अनिवासी भारतीयांसाठीच्या ‘एनआरओ’ खात्यात बदलून घ्यावे लागते. निवृत्तिवेतन त्यात जमा होऊ शकते. बँकेला न कळवता तेच खाते वापरत राहणे सर्रास चालते, पण चालते म्हणून ते बरोबर ठरत नाही. दुसरीकडे, ग्रीन कार्ड मिळाल्यापासून अमेरिका तुमच्या जगभरच्या उत्पन्नाचा हिशेब मागते, म्हणजे कराडच्या ठेवींचे व्याज, घराचे भाडे आणि जिल्हा परिषदेचे निवृत्तिवेतन तेथल्या विवरणपत्रात दाखवावे लागते. शिवाय भारतातल्या सगळ्या खात्यांची एकत्र शिल्लक वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी वेगळे विवरण द्यावे लागते. ते भरण्यात कर नाही, पण न भरण्याचा दंड मोठा आहे. म्युच्युअल फंड असतील तर निघण्यापूर्वी दोन्हीकडचे नियम जाणणाऱ्या सनदी लेखापालाला दाखवा, कारण भारतीय म्युच्युअल फंडांवर अमेरिकेची करआकारणी विशेष किचकट आहे. मुलाच्या मित्राने काय केले, यावर विसंबू नका.

आता औषधपाण्याकडे येऊ. हा भाग तुम्ही आणि मुलाने दोन संध्याकाळी बसून समजून घ्यावा, कारण बहुतेक कुटुंबे येथेच गाफील राहतात. ‘अमेरिकेत म्हाताऱ्यांना सरकारी विमा मिळतो’ हे अर्धवट खरे आहे. मेडिकेअर ६५ वर्षांवरील व्यक्तींना मिळते, पण तेथे कधीच नोकरी न केलेल्या ग्रीन कार्डधारकाला त्यासाठी पाच वर्षे सलग तेथे राहावे लागते आणि त्यानंतरही ते विकत घ्यावे लागते. २०२५ च्या दरांनुसार रुग्णालयाच्या भागासाठी ५१८ डॉलर आणि डॉक्टरांच्या भागासाठी १८५ डॉलर, असे माणशी महिन्याला ७०० डॉलरहून अधिक होत होते. गरिबांसाठी असलेल्या मेडिकेडलाही नव्या ग्रीन कार्डधारकांना साधारणपणे पाच वर्षांची आडकाठी आहे. मुलाच्या कंपनीच्या विम्यात पत्नी व मुले येतात, आई-वडील बहुधा येत नाहीत.

मग पहिली पाच वर्षे काय करायचे? खासगी विमा राज्याने चालवलेल्या विम्याच्या बाजारपेठेतून घ्यायचा. न्यू जर्सीत त्या बाजारपेठेचे नाव ‘गेट कव्हर्ड एनजे’ आहे. तेथे आधीच्या आजारांमुळे विमा नाकारता येत नाही, म्हणजे यजमानांच्या स्टेंटमुळे किंवा तुमच्या साखरेमुळे तो अडणार नाही. नव्याने येणाऱ्या रहिवाशाला पोहोचल्यापासून ६० दिवसांत नोंदणी करता येते. ती मुदत चुकली तर पुढच्या वार्षिक नोंदणीपर्यंत थांबावे लागते आणि तेवढे महिने सत्तरीतला हृदयरुग्ण विम्याविना राहतो. हप्ता मात्र जड असतो, कारण कायद्याने तो तरुणाच्या तिपटीपर्यंत आकारता येतो. पूर्वी अगदी कमी उत्पन्नाच्या नव्या स्थलांतरितांना त्यात मोठे अनुदान मिळे; १ जानेवारी २०२६ पासून दारिद्र्यरेषेखालील उत्पन्न असलेल्या नव्या ग्रीन कार्डधारकांचे ते बंद झाले आहे. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी गेलेल्या शेजाऱ्यांनी सांगितलेला आकडा तुम्हाला लागू पडेलच असे नाही. मुलाने आजच्या तारखेला तुमची दोघांची वये आणि कुटुंबाचे उत्पन्न घालून हप्ता काढावा आणि तो आकडा तुम्हाला सांगावा. तो ऐकून तुम्ही दोघे काही वेळ गप्प बसाल. तरी तो जाण्यापूर्वी ऐकलेला बरा.

पर्यटकांसाठीचा स्वस्त विमा घेऊन वेळ मारून नेण्याचा सल्ला कोणी दिला तर त्याचे कलम न् कलम वाचा. त्यात जुन्या आजारांचे उपचार बहुधा वगळलेले असतात आणि तुमच्या वयाला नेमके तेच लागतात. छातीत दुखू लागल्यास तेथील रुग्णालय तातडीचे उपचार नाकारू शकत नाही, हे खरे. पण उपचारांनंतर बिल येतेच. दात आणि डोळे मात्र येथेच उरकून जा. कवळी, रूट कॅनाल, मोतीबिंदू, चष्म्याचे दोन जोड यांवर कराडला जे खर्च होतील, त्यांचे तेथे होणारे आकडे सांगून तुम्हाला घाबरवत नाही. औषधांचा तीन महिन्यांचा साठा, डॉक्टरांच्या सहीची चिठ्ठी आणि अँजिओप्लास्टीचे सर्व कागद हाताच्या पिशवीत ठेवा, सुटकेसमध्ये नको.

मुलाला ‘आय-८६४’ हे हमीपत्र भरावे लागेल. त्यात तो असे लिहून देतो की दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांइतके उत्पन्न माझ्याकडे आहे आणि आई-वडिलांचा भार सरकारवर पडू देणार नाही. तो, सूनबाई, दोन मुले आणि तुम्ही दोघे अशी सहा माणसे धरली तर २०२५ च्या मोजपट्टीने ही रक्कम वर्षाला सुमारे ५४ हजार डॉलर होते. ती दरवर्षी बदलते. हे हमीपत्र म्हणजे नुसती औपचारिकता नव्हे, कायदेशीर करार आहे. तुम्ही नागरिक होईपर्यंत, किंवा तेथे साधारण दहा वर्षांच्या कामाची नोंद होईपर्यंत, किंवा कायमचे परत येईपर्यंत तो सुटत नाही. मुलाची नोकरी गेली तरी करार राहतो. सूनबाईंनी हे हमीपत्र वाचले आहे का, ते जरूर विचारा.

सूनबाईंचे नाव निघाले आहे तर दोन शब्द त्यांच्याविषयीही लिहिते. मुलगा बोलावतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर आई-वडील असतात. सूनबाईंच्या डोळ्यांसमोर स्वयंपाकघर, पाळणाघराचा खर्च आणि दोन माणसांची एक खोली असते, आणि त्यांचे ते पाहणे योग्यच आहे. तुमच्याकडून नातवंडांना सांभाळण्याची अपेक्षा आहे का आणि असल्यास आठवड्यातून किती दिवस, हे अवघडल्यासारखे वाटले तरी विचारा. तुमचे निवृत्तिवेतन तुमच्याच हाताशी राहील, किराण्याला वाटा द्यायचा की नाही, गाडी चालवता येत नसताना दुपारी बाहेर कसे जायचे, हेही बोला. एडिसन-आयसेलिनच्या ओक ट्री रोडवर भारतीय दुकानांची रांगच आहे आणि न्यू जर्सीत मराठी विश्वसारखे मंडळ आहे; तरी जानेवारीत बर्फ पडलेले असताना घरापासून तेथपर्यंत कोणी तरी नेऊन सोडावे लागते. माझ्या आईला करमेनासे झाले ते अमेरिकेमुळे नव्हे, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा या वेळेमुळे. हे सगळे बोलायचा फोन चौघांनी मिळून करा, फक्त माय-लेकांनी नको.

कागदपत्रांपैकी शुल्काचा भाग सोपा आहे. माणशी ३२५ डॉलर व्हिसा अर्जाचे आणि हमीपत्राच्या तपासणीचे १२० डॉलर आता भरायचे. व्हिसा मिळाल्यावर प्रत्यक्ष कार्ड छापून घेण्यासाठी माणशी २३५ डॉलर. कार्ड टपालाने मुलाच्या पत्त्यावर येते आणि ते येईपर्यंत पासपोर्टवरचा व्हिसा व त्यावरचा प्रवेशाचा शिक्का वर्षभर त्याचेच काम करतो. पोलीस दाखला पासपोर्ट कार्यालयाकडूनच घ्यायचा; गावच्या पोलीस ठाण्याने दिलेला चालत नाही. लग्नाची नोंद केलेली नसेल तर आता करून घ्या. १९९८ च्या महाराष्ट्र कायद्यानुसार ती जुन्या विवाहांचीही होते.

नावाचा घोळ तुम्हाला वाटतो तेवढा मोठा नाही. तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेल्या नावाने आपल्याकडच्या कित्येक बायकांचे आयुष्य कागदावर दोन तुकड्यांत वाटले गेले आहे आणि मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासाला हे नवे नाही. घोळ होतो तो लपवाछपवीने. ‘डीएस-२६०’ या ऑनलाइन अर्जात ‘पूर्वी वापरलेली इतर नावे’ असा रकाना असतो. त्यात माहेरचे पूर्ण नाव, शाळेच्या दाखल्यावर जसे आहे तसे, त्याच अक्षरजुळणीने लिहा. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करून ठेवा आणि राजपत्रात नावबदल प्रसिद्ध झालेला असेल तर त्याची प्रत जोडा. मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचे जे नाव आहे, ते या दोहोंपैकी नक्की कोणते, तेही एकदा काढून पाहा. ते तिसरेच कोणते तरी निघाल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. एकीकडे ‘सुनिता’, दुसरीकडे ‘सुनीता’ आणि तिसरीकडे घरातले लाडके नाव!

१ जूनचेही तसेच. तुम्ही स्वतः शिक्षिका असल्यामुळे ही तारीख कोठून येते ते मी सांगायला नको. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, मुलाला सहा वर्षे पूर्ण दाखवायची असायची आणि मास्तर रजिस्टरात १ जून टाकून मोकळे व्हायचे. तुमच्या आईने तुमचा जन्म पोळ्याच्या आसपासचा सांगितला असला, तरी आता खरी तारीख शोधायला जाऊ नका. पासपोर्ट, आधार, निवृत्तिवेतनाचे कागद आणि शाळेचा दाखला यांवर एकच तारीख असणे महत्त्वाचे आहे. ती दुरुस्त करायला गेलात तर चार ठिकाणी चार तारखा होतील आणि मग खुलासा करता करता वर्ष जाईल.

जन्मनोंद नसल्याबद्दल जन्मगावच्या ग्रामपंचायतीकडून नोंद आढळत नसल्याचा दाखला घ्या आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला जोडा. मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर करून, भाषांतर अचूक असल्याचे भाषांतरकाराच्या सहीचे निवेदन प्रत्येकाला लावा. वैद्यकीय तपासणी दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते. त्यात छातीचा एक्स-रे असतो आणि जुन्या क्षयाचा डाग दिसला तर थुंकीची तपासणी होते, जिचा निकाल यायला आठ आठवडे लागू शकतात; तोवर विमानाची तिकिटे काढू नका. मधुमेह आणि हृदयविकार लपवू नका. अर्जदाराचे वय, प्रकृती आणि आर्थिक आधार पाहण्याचा अधिकार कायद्याने अधिकाऱ्याला आहे. म्हणून आजार आटोक्यात असल्याचे अहवाल आणि मुलाने काढलेला विम्याचा आकडा सोबत असणे हे मौनापेक्षा कितीतरी बरे.

निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला दर नोव्हेंबरात लागतो. तो चेहरा ओळखणाऱ्या मोबाइल ॲपने किंवा न्यू यॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासातून देता येतो. पण त्यासाठी आणि बँकेच्या प्रत्येक ओटीपीसाठी आधारला जोडलेले सिम जिवंत हवे, आणि नव्वद दिवस न वापरलेले सिम बंद होऊ शकते. ओला कढीपत्ता बरोबर नेऊ नका. लिंबूवर्गीय झाडांच्या रोगामुळे तो विमानतळावर काढून घेतात.

पुढच्या आठवड्यातच करायचे एक काम शेवटी सांगते. जन्मनोंद नसेल तर जन्माविषयीचे प्रतिज्ञापत्र आई-वडिलांनी, ते हयात नसतील तर वयाने मोठ्या जवळच्या नातेवाइकाने करायचे असते. तुमच्यासाठी ते थोरला भाऊ किंवा मावशी करू शकेल. यजमानांसाठी ते करू शकणारी सर्वांत योग्य व्यक्ती तुमच्याच घरात, ८९ वर्षांची, आहे. त्यांना कराडच्या कचेरीत नेण्याची दगदग करू नका. नोटरीला घरी बोलावता येते. मजकूर आधी मराठीत वाचून दाखवा, यजमानांचा जन्म कोणत्या गावी, कोणाच्या घरी झाला ते त्यांच्याच तोंडून लिहून घ्या आणि मगच सही किंवा अंगठा घ्या. त्या निमित्ताने तुम्ही दोघे कोठे आणि किती दिवसांसाठी निघाला आहात, तेही त्यांना त्याच दिवशी सांगा. नोटरीसमोर त्यांना ते पहिल्यांदा कळू नये.